हातातला घास

“अण्णा शिंत्र्यांनी त्या पोराला म्हणे आज हाकलून...”

एवढंच कानावर आलं. पुढचं गिरणीच्या आवाजात गेलं.

अण्णा आमच्या शेजारचे. उभं आयुष्य इथं कोल्हापुरात सिनेमाच्या पटकथा लिहिण्यात गेलं. पोरगा म्हणजे सौमित्र, त्यांच्याकडे शिकायला येतो. हुशार आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

दळण तिथंच ठेवून मी घर गाठलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ताट वाढून घेतलं. भाकरी, आमटी, तेल घातलेली चटणी.

अण्णांकडं पोरगा होता अजून. तोंड पाडून बसलेला.

सोमवारी निर्मात्यापुढं त्याचं वाचन. पहिलाच सिनेमा. पसंत पडलं नाही, तर गोष्ट दुसऱ्या लेखकाकडं जाणार.

“नऊ फ्लॅशबॅक आहेत, काकू,” तो मलाच सांगायला लागला. “नायकाचं लहानपण, आई, जुनं घर. एकेक असा लिहिलाय... आणि अण्णा म्हणतात, जास्त झाले. का, ते सांगत नाहीत.”

फ्लॅशबॅक म्हणजे मागचं दाखवणं, एवढं मलाही कळतं.

अण्णांनी ताट त्याच्यापुढं सरकवलं.

“जेव.”

त्यानं घास उचलला. अण्णांनी त्याचा हात धरला, आणि ही ज्वारी कुठल्या रानातली ते सांगत बसले. ते संपलं. पुन्हा घास, पुन्हा हात. आता तव्याची हकिकत. तिसऱ्यांदा ताटाची, की ते माझ्या लग्नात कुणी आहेर केलं. सगळं खोटं. ताट मी गेल्या दिवाळीत बाजारातनं आणलेलं.

“अण्णा, भूक लागलीय,” पोरगा वैतागला.

“बरं. जेव.”

या खेपेला हात धरला नाही.

चटणीला लावलेला पहिलाच घास, आणि पोराला ठसका लागला. डोळ्यांत पाणी. मी तांब्या पुढं केला. दुसरा घास मोडून घेतला, पण तोंडाशी न्यायचा धीर होईना त्याला.

“काकू, चटणीत घातलंय तरी काय?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं फक्त.

मग मी सांगितलं. उन्हाळ्यात जाऊबाई आणि मी डंकावर वर्षाची चटणी कुटायला गेलो होतो. दोन्ही घरांची एकत्रच कुटतो आम्ही. रांगेत आमचं वाजलं. रागाच्या भरात मी लवंगी मिरची दुप्पट ओतली. तेव्हापासून बोलणं बंद. भिंतीपलीकडनं त्यांचे ठसके मला ऐकू येतात, माझे त्यांना.

पोरगा पुढं सरकून ऐकत होता.

“मग? आता बोलणार का त्यांच्याशी?”

अण्णांनी नुसतं बोट केलं, त्याच्या हाताकडं.

घास तसाच बोटांत होता. वाळत आलेला.

सौमित्र घासाकडं बघत राहिला... आणि हसायलाच लागला. मी पण. डाव्या हातानं त्यानं कागद ओढले, आणि एक सोडून आठांवर पेन्सिल फिरवली.

ताट चाटूनपुसून झाल्यावर अण्णांनी त्याला लिहायला म्हणून दंडाला धरून दाराबाहेर काढलं. म्हणजे हाकलण्यापुरतं गिरणीतलं खरं निघालं. जाणारा मात्र शीळ घालत होता.

पायरीवरनं तो वळला.

“अण्णा, आईचा तेवढा ठेवलाय. तो कुठं घालू?”

“आधी ठसका लागू दे.”