निर्दोष माणूस उभा कसा राहतो

मी शाळा अर्धवट सोडली. शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द यांबद्दल माफ करा.

आमच्या संस्थानात देवळातली चांदीची समई चोरीला गेली. देवळाची झाडलोट मी करतो, म्हणून मलाच न्यायाधीश धोंडोपंतांपुढे उभं केलं. चोर ठरलो तर हद्दपारी होती. माझे पाय लटपटत होते.

पंत म्हणाले, "निर्दोष माणूस असा कापत नाही. हाच चोर."

माझी सगुणाआत्या पुढे आली. "सरकार, काल गूळ चोरल्याच्या आळावरून रखमाजी कोष्टी इथे शांत उभा होता. आपण म्हणालात, इतका शांत सराईत चोरच असतो."

"मग?"

"मग निर्दोष माणूस उभा कसा राहतो, ते आपणच इथे येऊन दाखवा. आमचं पोरगं तसं उभं राहील."

पंत अर्धवट उठले. सगळी कचेरी त्यांच्या पायांकडे बघू लागली. ते पुन्हा बसले आणि हळूच म्हणाले, "साक्षीदार कोण आहे?"

साक्षीदार कुणीच नव्हता. मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून कचेरीत गेलो आणि रखमाजीचा निवाडा पुन्हा व्हावा, असं कापत कापत पंतांना सांगितलं.