सरकारचा गाळ

पूर ओसरला तेव्हा बोरखळच्या घराघरांत गुडघाभर गाळ साचला होता. भिंती पडल्या होत्या. गावानं त्याच गाळाच्या विटा पाडून घरं बांधायचं ठरवलं. एवढ्यात जहागीरदारांचे कारभारी भुजंगराव घोडा उडवीत आले.

"थांबा! नदी सरकारची, म्हणजे गाळही सरकारचा. परवानगीवाचून एकही वीट पाडायची नाही!"

लोकांनी हातातली फावडी खाली ठेवली. सगुणा कुंभारीण मात्र हात धुऊन पुढे आली.

"खरं आहे, रावसाहेब. सरकारच्या मालाला आम्ही कशाला हात लावू? पण हा माल न विचारता आमच्या घरांत शिरलाय. तेवढा संध्याकाळच्या आत उचलून न्या. आम्हाला चुली मांडायच्यात."

भुजंगरावांनी दारोदारचे ढीग पाहिले आणि घाईघाईनं घोडा वळवला.

"राहू दे, राहू दे! गाळ तुमचाच!"

सगुणेनं हसत पदर खोचला आणि पहिली वीट पाडली.