वाटेवरच्याची मूठ

सरका जरा. पांघरूण हनुवटीपर्यंत घ्या आणि हात बाहेर ठेवा. सगळ्यांचे हात मला दिसले पाहिजेत. शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण दुपारी मी घट्ट लावलं होतं, ते संध्याकाळी तिरकं कसं झालं हे उद्या बघू. आत्ता गोष्ट ऐका.

ही राजाची गोष्ट नाही हं. राजाच्या घरचे दाणे कधी संपत नाहीत, मग त्यात सांगायचं काय? एक होती येसाक्का. घाटमाथ्यावरच्या एका गावात राहायची. तिचा मुलगा म्हाळू, सून राही आणि नातवंडं तीन. म्हाळूकडं बैल होते. उन्हाळा लागला की बैलांच्या पाठीवर रिकाम्या गोण्या टाकून तो घाट उतरायचा, खाली समुद्राकाठी मीठ भरायचा आणि पावसाच्या आत वर यायचा. त्या काळी घाटात गाड्या नव्हत्या, बरं का. बैल चालायचे आणि माणूस त्यांच्यामागं चालायचा.

तर एकदा काय झालं, पावसानं दगा दिला. खळ्यावरून जी ज्वारी घरी आली ती सगळी एका कणगीत मावली. कणगी म्हणजे बांबूची मोठी टोपली, तुमच्याएवढी उंच, शेणामातीनं सारवलेली. निघताना म्हाळूनं कणगीवर हात ठेवला. म्हणाला, "मी येईस्तोवर एवढंच आहे. आलो की मिठाच्या बदल्यात दाणे आणू." आणि दाणे मोजायचं मापटं त्यानं राहीच्या हातात दिलं.

राहीच्या हातात! इतकी वर्षं ते मापटं येसाक्काच्या हातात होतं. आता येसाक्काचा हात मोठा होता हे खरं. तिच्या कारभारात होळीला तुपात बुडालेल्या पोळ्या असायच्या आणि पाडवा सरला की सगळ्या घरानं पातळ कण्या प्यायच्या. म्हाळू लहानपणापासून त्या कण्या पीत आला होता, म्हणून त्यानं मापटं बायकोला दिलं. पण येसाक्काच्या मनात पाल चुकचुकली. तशी तिच्या मनात पाल कायमच असायची. दूध नासलं तर ती म्हणायची, ही गाय काहीतरी लपवतेय.

मग काय झालं? गावात घरोघर कण्या शिजायला लागल्या. पोरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. आणि येसाक्काच्या घरी? गरम भाकरी. तिच्याबरोबर मोड आलेल्या मटकीची उसळ. दुसऱ्या दिवशी हुलग्याचं माडगं, वरून लसणाची फोडणी. तिसऱ्या दिवशी दोडक्याची भाजी, आणि दोडक्याच्या शिरा टाकून न देता तीळ घालून त्यांची खमंग चटणी. शिळी भाकरी उरली तर ताकात कुस्करून तिचा काला. नातवंडांचे गाल कसे, तर गोबरे. येसाक्का दोन भाकऱ्या खायची आणि चावता चावता विचार करायची, हे येतं कुठून? संशय आला म्हणून तिनं हात आखडला नाही हं, तेवढं सांगायला हवं.

मग ती सुनेवर डोळा ठेवायला लागली. बघते तर काय, सगळं गाव बाजारातून परत येतं तेव्हा राही बाजाराला निघते. का बरं? परसात जाते आणि पदरात काहीतरी खुडून आणते. काय बरं? आणि एके सकाळी येसाक्कानं खांबाआडून बघितलं. राहीनं मापटं भरून ज्वारी घेतली, त्यातली एक मूठ परत काढली, इकडं तिकडं बघितलं आणि ती मूठ पदराच्या टोकाला बांधली.

येसाक्काच्या पायाखालची जमीन सरकली. राहीचं माहेर ओढ्यापलीकडं होतं आणि माहेरी लहान भावंडं ढीगभर. म्हणजे माझ्या नातवंडांच्या तोंडचा घास काढून ही माहेर पोसतेय! आता कुणी म्हणेल, अगं बाई, दाणे चोरीला जातात तर ताटात एवढं येतं कसं? पण संशयाला असले प्रश्न विचारून उपयोग नसतो. तो आधी निकाल देतो आणि मग पुरावा शोधायला निघतो.

राहीला सरळ विचारायचं सोडून येसाक्का गेली उंदराकडं. तेव्हा उंदीर बोलायचे, बरं का. आत्ताही बोलतात, पण आपलं घर झोपल्यावर. ती म्हणाली, कणगीपाशी बसून माझ्या सुनेवर नजर ठेव. उंदीर म्हणाला, ठेवतो, पण रोज मूठभर ज्वारी पडेल. उंदराची मूठ ती केवढी! येसाक्का लगेच हो म्हणाली. तेव्हा उंदीर म्हणाला, मूठ तुझी धरायची, माझी नाही. बोलून बसली होती, काय करणार? रोज राही परसात गेली की येसाक्का कणगीत हात घालायची आणि उंदराला मजुरी द्यायची.

उंदरानं बातमी आणली की सून मूठ बांधून घेते ते खरं, पण पुढं कुठं जाते ते कणगीपासून दिसत नाही.

मग येसाक्का गेली कावळ्याकडं. कावळ्यानं मूठभर ज्वारी मागितली, शिवाय अर्धी भाकरी. तीही कबूल झाली. कावळा राहीच्या मागं बाजारभर उडाला, परसभर उडाला आणि येऊन म्हणाला, "तुझी सून बाजार उठताना जाते. विकणाऱ्यांना उरलेला माल परत न्यायचा नसतो. चिमूटभर मीठ दिलं की वाकडे दोडके, तडकलेली काकडी टोपलीभर पदरात पडते. परसात न्हाणीच्या पाण्यावर घोळ उगवलीय, अळू उगवलंय, शेवग्याचा पाला आहे. तेच खुडते. माहेरच्या वाटेला ती वळली नाही."

येसाक्कानं त्याच्याकडं तिरक्या डोळ्यानं बघितलं. तिला वाटलं, हा फितूर झाला. सुनेनं याला भाकरीचा तुकडा टाकलेला दिसतो. बघा, आता ज्याला आपण नेमलं त्याच्यावरच संशय!

मग ती गेली मांजरीकडं. मांजर म्हणाली, दाणे मी खात नाही, मला वाटीभर साय पाहिजे. घरात एकच गाय, तिचं दूध ते किती! पण येसाक्कानं पोरांच्या दुधावरची साय काढली आणि मांजरीपुढं ठेवली. मांजर चुलीपाशी डोळे मिटून बसली. मांजर डोळे मिटून बसली की समजावं, तिला सगळं दिसतंय.

इकडं कणगी झपाझप उतरायला लागली. राही रोज आत वाकून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. तिनं पिठात शेवग्याचा पाला घालायला सुरुवात केली. जो कोंडा आधी चाळून टाकायची, त्याचे ती आता मुटके वाफवायला लागली. पोरं बोटं चाटून खायची, पण राहीची झोप उडाली. एकदा तिनं सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, कणगीत आणखी कुणाचा हात पडतो का?"

येसाक्काला असा राग आला म्हणता! चोराच्या उलट्या बोंबा, असं ती मनात म्हणाली. आणि तोंडानं काय म्हणाली? काही नाही. कारण हात पडत होता, तो तिचाच.

त्याच दिवशी मांजरीनं बातमी दिली. चुलीमागच्या कोनाड्यात एक लहानशी करंडी आहे, शेणानं सारवलेली, वर बोटभर फट. राही रोज पदराची गाठ सोडते, मूठ त्या फटीतून आत टाकते, आत बघत नाही, हात जोडते आणि कामाला लागते.

झालं. हे चेटूकच! येसाक्का तरातरा चुलीपाशी गेली. राही भाकरी थापत होती. तिच्यासमोर येसाक्कानं कोनाड्यात हात घातला आणि करंडी खाली ओढली. तिला वाटलं होतं जड लागेल. करंडी आली हलकीफुलकी. उलटी केली तर आतून फोलपटं पडली आणि मागच्या बाजूला एक भोक दिसलं, गोल, कुरतडलेलं, आणि कोनाड्यातही तसंच भोक, भिंतीतून आरपार गेलेलं.

राहीच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती खालीच बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, ती वाटेवरच्याची मूठ होती."

"कुठल्या वाटेवरचा?"

"तुमचा लेक."

मग राहीनं सांगितलं. तिच्या माहेरी सगळे मिठाचे बैल हाकणारे. घरधनी वाटेवर असला तरी रोज त्याचा वाटा मोजायचा, तो घरात असल्यासारखा. त्यातली मूठ काढून ठेवायची, तिच्याकडं बघायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. बोलली की मूठ मोडते, असं तिची आई म्हणायची. धनी परत आला की त्याची पहिली भाकरी त्या दाण्यांची. आणि घरातलं सगळं संपलंच, तरी पोरांसाठी शेवटी तेवढे दाणे असतात. ते आता गेले होते. आणि कणगीत आज सकाळी मापटं तळाला खरडलं होतं.

 येसाक्काला रडू आलं, पण आधी तिला स्वतःची लाज वाटली. तिनं मनात हिशेब मांडला. उंदराला रोज मूठ दिली, कावळ्याला मूठ दिली, नातवंडांची साय मांजरीला घातली. सून जे राखत होती ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं वाटून टाकलं होतं. आणि शेवटची गेली ती तिच्या म्हाळूची भाकरी.

मांजर अजून तिथंच बसली होती. येसाक्का तिच्यावर ओरडली. इथं डोळ्यांसमोर उंदीर भिंत पोखरतोय आणि तू बोलली नाहीस?

मांजरीनं मिशा पुसल्या. म्हणाली, "तू मला सुनेवर नजर ठेवायला सांगितलं होतंस. उंदरावर नाही."

ऐकलंत ना? नीट लक्षात ठेवा.

मग येसाक्कानं पदर खोचला. तिला गुडघेदुखी होती, पण त्या दिवशी गुडघ्यांना कुणी विचारलं नाही. तिनं कुदळ घेतली, राहीनं पाटी घेतली. भिंतीतल्या भोकापासून सांडलेल्या फोलपटांच्या मागं मागं दोघी गेल्या. परसातून कुंपणापर्यंत, कुंपणातून शेताच्या बांधापर्यंत. बांधाला बीळ होतं. येसाक्कानं खणायला सुरुवात केली. उंदीर हावरा असतो, पण उधळ्या नसतो. खातो थोडं आणि साठवतो फार. खणता खणता कुदळीखाली मऊ लागलं, आणि माती बाजूला केली तर आत ज्वारी! मजुरीची, कणगीतली, करंडीतली, सगळी. ढीगच्या ढीग, पांढरा स्वच्छ.

उंदीर बाहेर येऊन भांडायला लागला. म्हणाला, ही माझ्या घामाची आहे, शब्द दिला होतास. येसाक्कानं कुदळ उगारली. तेवढ्यात राहीनं तिचा हात धरला. तिनं दोन मुठी बिळात परत ठेवल्या आणि म्हणाली, "असू दे, आत्याबाई. त्याच्या घरीही पोरं असतील." उंदरानं विचार केला, मांजरीकडं बघितलं आणि भांडण मिटवलं.

पाट्या भरभरून दाणे घरी आले. धुऊन वाळवले. कणगीचा तळ झाकला, वर दाणे चांगले हातभर चढले. करंडीचं भोक लिंपलं. दुसऱ्या दिवशी राहीनं मापट्यातली मूठ काढली आणि करंडीत टाकली. ती वळली, तर मागं येसाक्का उभी. येसाक्कानं स्वतःच्या वाटणीची अर्धी मूठ त्या फटीतून सोडली. बोलली काही नाही. बोलली की मूठ मोडते ना!

मग उन्हाळा सरत आला, वळवाचे ढग दिसायला लागले. एक दिवस कावळा कुडावर बसून काव काव करायला लागला. येसाक्काला सवयीनं वाटलं, आता हा काय मागतोय? पण त्याला काही नको होतं. घाटात बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

म्हाळू आला. उन्हानं रापलेला, पायांना भेगा, वाळून गेलेला. पोरं त्याला बिलगली. त्यानं त्यांचे गाल दाबून बघितले, मग कणगीत वाकून बघितलं. तळाला दाणे होते. गावात कुणाच्याच घरी तेव्हा दाणे नव्हते. येसाक्कानं करंडी फोडली, स्वतः जात्यावर बसली आणि राहीनं भाकरी टाकली. पहिला घास घेऊन म्हाळूनं आईला विचारलं, एवढ्याशा ज्वारीत तू घर कसं तगवलंस?

येसाक्का म्हणाली, "मापटं तिच्या हातात आहे. मला काय विचारतोस?"

आणि तिनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. मग मिठाच्या बदल्यात दाणे आले, मृगाचा पाऊस आला, आणि सगळी जणं पोटभर जेवून सुखानं नांदली. मांजरीला काम बदलून दिलं. आता ती कणगीपाशी बसते आणि तिचं तोंड उंदराच्या भोकाकडं असतं.

चला, संपली. ज्याच्या उशाखाली चुरा सापडेल त्याच्यावर माझा डोळा आहे, पण उपाशी कुणी नाही ना? मग मिटा डोळे. मांजरीसारखे नको, खरे मिटा.