राजाची दगडी यादी

“गरिबांची यादी दगडावर कोरा! एकदाच! कायमची!”

राजा धैर्यसेन कावला होता. सरकारी कोठारातून गरीब घरांना दरमहा पायलीभर नाचणी मिळे, पण यादीतली नावं काही एका जागी ठरत नसत.

“परवाचा गरीब काल सावरतो, कालचा सुखवस्तू आज हात पसरतो! चेष्टा चालवलीय माझी?”

त्यानं रुद्रोबा पाथरवटाला आठ दिवस दिले. “दहा वर्षांनीही खरी ठरली पाहिजे यादी. एक नाव जरी चुकलं, तर तू बिऱ्हाडासकट गावाबाहेर!”

रुद्रोबानं शिळा आणली आणि तिच्यासमोर डोकं धरून बसला.

त्याची सून चिमा तीन महिन्यांपूर्वीच लग्न होऊन आली होती. तिचा आवाज अजून शेजाऱ्यांनीही ऐकला नव्हता. बाहेरचं काम तिला एकच: ज्याच्या घरी दुभतं असेल, त्याच्याकडून लोटाभर ताक आणायचं. ताक विकायचं नाही, मागेल त्याला द्यायचं, ही गावाची रीत. पहिला महिना ती कोष्ट्यांकडे गेली. मग कोष्टी अंथरुणाला खिळला, म्हैस विकली गेली, आणि कोष्टीणच लोटा घेऊन कुंभारांच्या दारात चिमाच्या मागे उभी राहिली. पुढं कुंभारांची गाय गेली. आता ताक तेल्याकडे, ज्याला गेल्या वर्षी कुणी विचारत नव्हतं.

“मामंजी, शिळा नुसती गुळगुळीत करा. राजाशी मी बोलते.”

“तू? घरात तर तोंड उघडत नाहीस!”

“सासूबाई थांबतील तेव्हा ना!”

आठव्या दिवशी राजा कारभाऱ्याला घेऊन आला. शिळेवर अकरा नावं होती, कोळशानं लिहिलेली.

“कोळसा? मी कोरायला सांगितलं होतं!”

“कोरतो की, महाराज,” पदर सावरत चिमा म्हणाली. “फक्त कायमचा गरीब ओळखायचा कसा, तेवढं सांगा.”

“सोपंय! ज्याचे वाडवडील दुसऱ्याच्या दारात ताक मागत होते, तो गरीब. ते रक्तातच असतं!”

“मामंजी, घ्या छिन्नी. पहिलं नाव, राजे धैर्यसेन.”

रुद्रोबाच्या हातून हातोडी निसटली. कारभाऱ्यानं डोळेच मिटले.

“काय म्हणालीस?”

“तुमचे पणजोबा याच गावात शेरडं राखत आणि रोज आमच्या दारात ताकाला येत. दसऱ्याच्या दरबारात तुम्हीच अभिमानानं सांगता म्हणे! तेव्हा आमच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. त्या दिवशी ही शिळा कोरली असती, तर आज पोतं घेऊन रांगेत तुम्ही असता, महाराज, आणि आम्हाला दाणा मिळाला नसता!”

राजा क्षणभर लालबुंद झाला. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो खो खो हसत सुटला.

“पणजोबा ताकाला गेले, पण भांडं लपवून नाही! मग मी तरी कशाला लपवू? कारभारी, यादी कोळशाचीच राहू द्या. दर महिन्याला पुसा, दर महिन्याला लिहा! आणि या पोरीच्या दारात आजच एक दुभती म्हैस बांधा!”

“मग महिनाभर थांबायचं कशाला?” चिमानं ओला फडका उचलला आणि यादीतलं पाचवं नाव, रुद्रोबा पाथरवटाचं, पुसून टाकलं. “उद्यापासून ताक आमच्याकडं. महाराज, लोटा घेऊन या!”