पाठमोऱ्यांचा चौथरा

फोटो नंतर काढा, आधी हा चौथरा पाहा. थडग्याकडच्या कडेवर कोरलेले ढग अजून जसेच्या तसे आहेत, आणि समोरच्या खाणीच्या डोंगराकडची कड मात्र माणसे बसून बसून गुळगुळीत झाली आहे. चौथरा बांधला तो बादशहाचा शोक करण्यासाठी. बसतात सगळे त्याच्याकडे पाठ करून. त्याचे नाव दरवाजाजवळच्या पाटीवर आहे, हवे तर वाचून घ्या. आमच्या गावात ते घेत नाहीत.

या महाशयांना म्हणे गादीवर बसल्याबसल्या स्वतःच्या थडग्याचे वेड लागले. राज्यात पूर येवो की दुष्काळ पडो, स्वारी आपली नकाशे उलगडून बसलेली. त्यांना ही दरी पसंत पडली आणि इथली माणसे दगड ओढायला जुंपली गेली. हिवाळ्यात उतारावर पाणी ओतायचे, त्याचा बर्फ झाला की त्यावरून एकेक शिळा दोरांनी खेचायची. दोर तुटला की शिळा मागे घसरे, आणि मागे माणसे असत. त्यातच छिन-आजीचा एकुलता एक मुलगा गेला. आजी आम्ही आज म्हणतो, तेव्हा तिचे केसही पिकले नव्हते. मुलाचे नाव आ-शुन. लग्न ठरले होते त्याचे.

छिन-आजीला रडता आले नाही. थडगे वापरात येण्याआधी या जमिनीवर दुसऱ्या कुणासाठी अश्रू पडले तर जागा बाटेल, असे राजज्योतिष्याने सांगून ठेवले होते. मग काय, फर्मान निघाले. दरीत बादशहाखेरीज कुणाचाही शोक करायचा नाही. सुतकाचे पांढरे कपडे नाहीत, मेलेल्यासाठी कागद जाळणे नाही, हुंदका ऐकू आला तर फटके. आ-शुनला त्या डोंगराच्या पायथ्याशी पुरले तेव्हा त्याची आई तोंडात रुमालाचा बोळा कोंबून उभी होती, असे सांगतात. त्या दिवसापासून तिला घास गिळवेना. पोराच्या नावाने एकदा मोकळेपणी रडायला मिळावे, एवढेच तिला हवे होते.

थडगे पुरे झाले आणि स्वारीला नवी काळजी लागली. आपण गेल्यावर लोक पुरेसे रडतील ना? म्हणून मरणाची रंगीत तालीम ठरली. शवपेटीत मऊ गादी घातली, श्वासासाठी भोके पाडली, उशाशी खजूर ठेवले आणि महाशय कान टवकारून आत आडवे झाले. तुम्ही हसता आहात, तेव्हा हसायची कुणाची छाती नव्हती. मंत्र्यांनी डोळ्यांना आल्याचा रस चोळला. एकाने बेशुद्ध पडून दाखवले, तर दुसरा मागे राहू नये म्हणून त्याच्या अंगावर बेशुद्ध पडला. असले हे लाळघोटे राज्य चालवत होते. गावकऱ्यांनाही पांढरे कपडे वाटले, या चौथऱ्यावर उभे केले आणि सांगितले, रडा.

छिन-आजी डोंगराकडे वळली आणि रडली. ते ऐकून मंत्र्यांची नाटके एकेक करून बंद पडली म्हणे. मग सगळे गाव तिच्यासारखेच वळले. प्रत्येकाचे कुणी ना कुणी त्या डोंगराखाली होते.

पेटीचे झाकण सरकले. महाशय खजूर चघळत उठून बसले आणि तिला समोर आणवले.

"आमच्यासाठी इतके दुःख? मग तोंड तिकडे का?"

खरे सांगितले तर तिचेच नव्हे, सगळ्यांचे डोके जाणार होते.

"तुमच्याकडे बघून मला रडवत नाही, महाराज," ती म्हणाली. "आणि हे एका दिवसात संपायचे नाही. इथे येऊन कधीही रडू द्या. मला, या सगळ्यांना, आमच्या लेकरांना. कुणी अडवू नये."

महाशय विरघळले. आपल्यावर एवढी भक्ती! त्या दिवशी त्यांच्यासाठी खरे पाणी फक्त एकाच माणसाच्या डोळ्यांत आले, त्यांच्या स्वतःच्या. त्यांनी हुकूम दगडावर कोरून घेतला. तो बघा, त्या कोपऱ्यात उभा आहे. 'या चौथऱ्यावर रडणाऱ्यास कोणीही अडवू नये.' अकलेचे दिवाळे दगडावर कोरून ठेवणारा दुसरा बादशहा मला तरी ठाऊक नाही.

पुढे ते खरोखरच गेले. मंत्र्यांना नव्या बादशहाच्या पुढेपुढे करण्यातून वेळ नव्हता. गाव मात्र हुकमाप्रमाणे आले, डोंगराकडे तोंड करून बसले आणि आपापल्या माणसांची नावे घेऊन रडले. छिन-आजी सगळ्यांत शेवटी उठली, आणि घरी जाऊन पोटभर जेवली म्हणे.

आजही गावात कुणी गेले की घरची माणसे आधी इथे येतात. मागच्या थंडीत माझी बायको गेली, तेव्हा मीही असाच बसलो होतो. तुमच्यासारखेच एक पाहुणे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हा लोकांचे बादशहावर अजून इतके प्रेम आहे?"

मी विचारले, "कोण बादशहा?"

थडगे पाहायचे असेल तर पायऱ्या उतरून डावीकडे वळा. मी इथेच बसतो. आत बघण्यासारखे काही नाही.