पुनवेला होडी पाण्यात

प्रत्येक गावाच्या नशिबी एक भोळा माणूस असतोच. आमच्या कातळपाखाडीच्या नशिबी तो बरीच वर्षं नव्हता. मग आत्माराम मेस्त्रींचं लग्न झालं आणि बायकोच्या पाठोपाठ तिचा भाऊ राहायला आला, तेव्हा ती उणीव भरून निघाली. त्याचं नाव धाकू. तिशी उलटलेला, अंगाने रेडा, मनाने वासरू. सांगितलेलं काम करायचा. अगदी सांगितलं तसंच करायचा, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खायचं.

मेस्त्रींची खाडीकाठी होड्या दुरुस्त करायची शेड होती. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तोच मेस्त्रींचा हंगाम. त्या साली शेडमध्ये मथुराकाकीची होडी आली होती. काकीचा नवरा आदल्या वर्षी गेला. घरात दुसरं कमावतं कोणी नाही, जे काय होतं ते ही होडी. आणि तिचंच बूड खडकाला घासून फाटलेलं. तांडेल काशिराम आणि त्याचे खलाशी ही होडी चालवायचे, पण पोट त्यांनाही होतं. काशिरामने काकीला सरळ सांगितलं, "काकी, नारळी पुनवेला होडी पाण्यात असली तर आम्ही तुझे. नसली तर दुसऱ्याच्या होडीवर जाणार. मग राग धरू नकोस."

काकीने येऊन हे मेस्त्रींना सांगितलं. मेस्त्रींनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, पुनवेला होडी पाण्यात. तेव्हा त्यांच्या मागे धाकू उभा होता आणि तोही मान डोलवत होता. काकीने तिकडे नीट बघितलं असतं, तर होडी डोक्यावर घेऊन घरी गेली असती.

मेस्त्री कामाला शिस्तीचे. पहिल्याच दिवशी टेकूंवर उभ्या केलेल्या होडीकडे बोट दाखवून त्यांनी धाकूला बजावलं, डोक्यावर एवढं वजन असतं, तेव्हा चहूबाजूंनी टेकू आहेत का बघितल्याशिवाय खाली जायचं नाही.

"समजलं, भाऊजी," धाकू म्हणाला.

दुपारी तो जेवायला घरी गेला आणि भर पावसात अंगणातच उभा राहिला. त्याची बहीण इंदू आत बोलवून बोलवून दमली. हा म्हणे, छप्पर डोक्यावर आहे आणि मागच्या अंगाला टेकू दिसत नाही. शेवटी इंदूने मुसळ नेऊन मागच्या वाशाला लावलं, तेव्हा स्वारी पानावर बसली. भात गार झाला होता.

मग मेस्त्रींनी त्याला होडी तपासायला शिकवलं. हातात लाकडी मोगरी दिली आणि खडू दिला. बुडाची एकेक फळी ठोकायची आणि कान द्यायचा. टणकन वाजली तर लाकूड चांगलं. बद्द वाजली तर आतून कुजलंय. तिथे फुली मारायची. फुली पडली की ते काढून टाकायचं.

"समजलं, भाऊजी."

आणि खोटं कशाला बोला, समजलंही होतं. धाकूने होडी अशी ठोकली की एक कुजकी फळी सुटली नाही. मेस्त्री खूश झाले आणि खिळे आणायला बाजारात गेले. फक्त आता थांब, हे सांगायचं राहिलं. धाकूने शेडचे खांब ठोकले. चांगले निघाले. बाकडं ठोकलं. तेही चांगलं. मग तेलाची पिंपं ठोकली. रिकामी पिंपं टणाटण वाजली, म्हणजे एकदम उत्तम. एकच पिंप बद्द वाजलं. ते भरलेलं होतं. काकीच्या होडीला लावायचं सगळं तेल त्यात होतं. धाकूने त्यावर फुली मारली आणि ते शेडमागच्या वाळूत उपडं केलं.

मेस्त्री परत आले तेव्हा धाकू मोगरी हळूहळू स्वतःच्या कपाळावर आपटत होता. कपाळावर खडूची ठसठशीत फुली होती.

"भाऊजी," तो काळजीच्या सुरात म्हणाला, "हे पण बद्द वाजतंय."

"ते राहू दे," मेस्त्री म्हणाले. "त्याला माल मिळत नाही."

मग त्यांची नजर पिंपाकडे गेली. पुढचं बोलणं पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. बरं, मेव्हण्यावर फुली मारता येत नाही. मारली तर घरी जेवायला कोण वाढणार? मेस्त्रींनी राग गिळला आणि धाकूला शांतपणे समजावलं, की बाबा रे, कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती उघडून आत काय आहे ते बघावं.

"समजलं, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी पावसाची झड दारातून आत येत होती. दाराजवळ होडीचं मशीन ठेवलं होतं. तालुक्याच्या मेकॅनिकने ते आदल्याच आठवड्यात झकास लावून दिलेलं. मेस्त्री फळी तासता तासता म्हणाले, धाकू, ते मशीन जरा आत सरकव. आता सरकवायचं म्हणजे हात लावणं आलं. धाकूने पाना घेतला आणि मशीन उघडलं. एक झाकण काढलं की आत दुसरं. तेही काढलं. दुपारपर्यंत सगळं मशीन गोणपाटावर पसरलं होतं, लग्नात मांडलेल्या रुखवतासारखं. मग त्याने ते एकेक करून आत सरकवलं. मेस्त्रींना त्याने अभिमानाने सांगितलं, की आत बघून घेतलं, काही कुजलेलं नाही.

मेकॅनिकला निरोप गेला. तो म्हणाला, पुनवेच्या दुसऱ्या दिवसाशिवाय जमणार नाही. मेस्त्रींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि नवा धडा दिला. जे बंद आहे ते उघडायचं नाही. कोणी काही सांगितलं तरी उघडायचं नाही.

"समजलं, भाऊजी."

उसनवारीने तेल आलं. नव्या फळ्या बसल्या, सांधीत कापूस ठोकून झाला. मग मेस्त्री होडीच्या पोटात बसून रंग लावायला लागले. त्या रंगाचा वास असा उग्र, की दार सताड उघडं ठेवून लावायचा असतो आणि मधूनमधून बाहेर येऊन वारा खायचा असतो. मेस्त्री हे दुसऱ्यांना नेहमी सांगायचे. पण वाऱ्याने दार सारखं आपटत होतं, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या धाकूने कडी घातली. थोड्या वेळाने मेस्त्रींचं डोकं गरगरायला लागलं. त्यांनी आतून हाक मारली, धाकू, दार उघड.

"भाऊजी," धाकूने बाहेरून प्रेमाने आठवण करून दिली, "बंद आहे ते उघडायचं नाही. कोणी सांगितलं तरी."

मेस्त्री शेवटी मागच्या खिडकीतून बाहेर पडले. पडले म्हणजे खरोखरच पडले. उठले आणि झोकांड्या खात, डोळे लाल, जीभ जड, नेमके काशिराम तांडेलासमोर जाऊन उभे राहिले. ज्या माणसाने उभ्या जन्मात ताडीचा थेंब चाखला नाही, तो भर दुपारी टाईट आहे ही बातमी संध्याकाळच्या आत तीन वाड्यांना कळली. मथुराकाकी धावत आली. ती होडीच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मेस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा शब्द दिला.

काकी गेल्यावर त्यांनी धाकूला समोर बसवलं. आत काही साठलं, मग तो वास असो, धूर असो की पाणी असो, तर त्याला बाहेर जायला वाट करून द्यायची. तीही लगेच.

"समजलं, भाऊजी."

आता गंमत बघा. दुसऱ्यांच्या होड्यांची भोकं बुजवणाऱ्या मेस्त्रींच्या शेडच्या पत्र्यालाच भोक होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रात्रभर पाऊस लागला आणि सकाळी बघतात तर होडीत घोटाभर पाणी. धाकूने क्षणभर विचार केला. तोसुद्धा करायचा, अधूनमधून. होडीच्या बुडाला पाणी काढायचं एक भोक असतं, त्याला लाकडी बूच असतं. धाकूने बूच उपटलं. सगळं पाणी भळभळ वाहून गेलं, होडी कोरडीठाक झाली.

मेस्त्री बघतच राहिले. "शाबास, धाकू," ते म्हणाले. "अगदी बरोबर केलंस."

तिशी उलटेपर्यंत धाकूला शाबास असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला भरून आलं. ते बूच त्याने धुऊन, पुसून, देवाचा प्रसाद ठेवावा तसं खिशात खडूच्या शेजारी ठेवलं. मेस्त्री मात्र जुने जाणते. आज चुकून बरोबर झालं, उद्याचं काय, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी शेवटचा आणि सगळ्यांत शहाणपणाचा धडा दिला. यापुढे काहीही करायचं झालं, तर आधी मला येऊन विचारायचं.

"समजलं, भाऊजी."

नारळी पुनव उजाडली. ऊन पडलं होतं. सगळी कातळपाखाडी खाडीवर जमली. ढोल आला, ताशा आला. होडीला झेंडूच्या माळा आणि काठीवर लाल पताका. मथुराकाकी नवं लुगडं नेसून आली होती आणि वर्षभरात पहिल्यांदाच हसत होती. खलाशी खांदा लावायला तयार होते.

होडी पाण्यात घालण्याआधी बुडाखालून एकदा हात फिरवून बघायचा, ही आमच्याकडची रीत. मेस्त्री ती दरवर्षी पन्नास जणांना शिकवतात. पण त्या दिवशी मेस्त्रींच्या डोक्यावर नवी टोपी होती. मानाचा नारळ घ्यायचा होता. वाकलं तर टोपी पडली असती.

धाकूला होडीत बसवलं. मेस्त्रींनी त्याला समजावलं, की सुकलेलं लाकूड पहिल्या दिवशी थोडं पाणी आत घेतंच. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधी आपोआप मिटतात. तेव्हा पाणी दिसलं तरी घाबरायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही.

"समजलं, भाऊजी."

होडी ओंडक्यांवरून घसरत पाण्यात गेली आणि डौलात दोर ताणून उभी राहिली. काठावर एकच जल्लोष झाला. इकडे होडीत पाणी यायला लागलं. धाकू घाबरला नाही. पाणी घोट्याला आलं. लाकूड पीत असेल, तो मनात म्हणाला. गुडघ्याला आलं. फारच तहानलेलं दिसतंय. कमरेला आलं, तेव्हा त्याला खिशातलं बूच टोचलं. हे आता परत लावावं की काय, असं त्याला वाटलं. पण विचारल्याशिवाय करायचं नाही. आरडाओरडा करायचा नाही. मग त्याने नुसता हात वर केला. काठावरच्या माणसांनीही हात वर केले. काकीने तर दोन्ही केले.

मग ढोल वाजत असतानाच माणसं मेस्त्रींभोवती जमली. काकीने त्यांच्या हातात मानाचा नारळ दिला, पायाला हात लावला. मेस्त्रींना राहवलं नाही. त्यांनी होडी कशी तपासावी यावर चार शब्द बोलायला घेतले. सगळे खाडीकडे पाठ करून ऐकत होते.

गर्दीच्या कडेला धाकू येऊन उभा राहिला. नखशिखान्त भिजलेला. भाऊजींचं बोलणं तोडायचं नाही एवढी रीत त्यालाही ठाऊक होती. चार शब्दांचे चाळीस झाले, टाळ्या झाल्या, तेव्हा तो पुढे झाला आणि त्याने तळहात उघडला.

"भाऊजी, विचारायला आलो. हे बूच आता लावू का?"

सगळ्यांनी खाडीकडे वळून बघितलं. पाण्यावर लाल पताका तेवढी दिसत होती. झेंडूची एक माळ तरंगत काठाला लागली.

ढोल थांबला. मथुराकाकी दोन पावलं पुढे आली आणि तिने हात पसरला. "मेस्त्री," ती म्हणाली, "माझा नारळ परत द्या."

मेस्त्रींनी तो मुकाट्याने दिला. काकीचा चेहरा बघून धाकूला मात्र वाईट वाटलं. त्याने तिची समजूत घातली. "काकी, पुनवेला होडी पाण्यातच पाहिजे होती ना? आहे की. सगळीच्या सगळी आहे."

काशिराम तांडेल आधी गंभीर होता. मग त्याच्या मिशा हलल्या, पोट हलायला लागलं, आणि तो वाळूत बसून हसला. हसू आवरल्यावर म्हणाला, की शब्द म्हणजे शब्द. होडी पाण्यात आहे, तेव्हा आम्ही काकीचे. ओहोटी लागली की उपसून वर घेऊ. आणि मशीन अजून गोणपाटावरच पसरलेलं होतं, म्हणून तेवढं बुडालं नाही. काकीने नारळ काशिरामच्या हातात दिला आणि स्वतःही हसली. डोळे पुसत पुसत, पण हसली.

मेस्त्रींना कोणाकडे बघवेना. त्यांनी फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

धाकूने कान टवकारले. आवाज बद्द होता.

त्याने ओल्या खिशातून खडू काढला. पण आता तो शहाणा झाला होता. मेस्त्रींच्या जवळ जाऊन त्याने आधी हळूच विचारलं, "भाऊजी, फुली मारू का?"