दार लावलेला शनिवार

नवगावचे बनाजी तेली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा घाणा थांबे आणि शनिवारभर बैलसुद्धा गोठ्यात निवांत रवंथ करत बसे.

एका शनिवारी सकाळीच खोत तिळाचं पोतं घेऊन हजर. दुपारी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते आणि घरात तेलाचा टिपूस नव्हता.

"आज शब्बाथ, देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस, खोतसाहेब. उद्या उजाडताच तेल काढून देतो."

"उद्या काय करू त्याचं? दार लाव नि घाणा फिरव. कोण बघतंय? आणि घाण्याखालची जागा माझी आहे, विसरू नकोस!"

बनाजी हसले. "तुमचे तीळ वर्षभर या दाराआडच घाण्यात पडतात. वाटीभर तेल बाजूला काढलं, तर कोण बघतंय?"

"छे! तू तसा नाहीस."

"कारण मला वाटतं, कोणीतरी बघतंय. आज त्याच्याच तोंडावर दार लावलं, तर उद्यापासून तिळांच्या राखणीला तुम्हालाच इथे बसावं लागेल."

खोत पोतं तिथेच ठेवून परतले. घरी सगळा स्वयंपाक तुपात झाला. पाहुणे थाट बघून दिपले नि सोयरीक पक्की करूनच उठले.

खोत पुढे गावभर सांगत, "शनिवारी तेल नाही, ही आमच्या घराण्याची जुनी रीत!"